भेटीला भेट : ओदिन, थोर आणि फ्रेयर यांच्याशी चालणारी देवाणघेवाण

इ.स. ९२२ मध्ये बगदादच्या खलिफाने पाठवलेल्या शिष्टमंडळातला इब्न फदलान व्होल्गा नदीकाठी पोचला. तिथे त्याला उत्तरेकडून आलेले 'रूस' व्यापारी भेटले. बहुतेक अभ्यासक त्यांचं मूळ स्कँडिनेव्हियात शोधतात. त्यांच्या पूजेचं त्याने लिहून ठेवलेलं वर्णन फार बारकाईचं आहे. नाव काठाला लागली की व्यापारी भाकरी, मांस, कांदे, दूध आणि मद्य घेऊन खाली उतरतो. जमिनीत रोवलेला एक उंच लाकडी खांब असतो, त्यावर माणसाचा चेहरा कोरलेला, आणि भोवती लहान मूर्ती. त्याच्यापुढे लोटांगण घालून तो म्हणतो, "मालक, मी लांबून आलोय. माझ्याबरोबर इतक्या दासी आहेत, सेबलची इतकी कातडी आहेत." सगळ्या मालाची यादी सांगून झाली की मुद्द्यावर येतो. ही भेट तुझ्यासाठी आणली आहे, आता भरपूर दिनार-दिरहम बाळगणारं, घासाघीस न करणारं गिऱ्हाईक पाठव.

विक्री रेंगाळली तर दुसरी भेट जाते, मग तिसरी. तरी जमेना तर लहान मूर्तींकडे, म्हणजे देवाच्या बायकामुलींकडे, रदबदली सुरू होते. अखेर माल खपतो. मग तो म्हणतो, मालकाने माझं काम केलं, आता फेड केली पाहिजे. मेंढ्या किंवा गुरं कापतो, काही मांस वाटून टाकतो, उरलेलं मूर्तींपुढे ठेवतो. रात्री कुत्री येऊन ते खातात. सकाळी व्यापारी सांगतो, "मालक माझ्यावर प्रसन्न झाला, त्याने माझी भेट खाल्ली."

त्या व्यापाऱ्याला कुत्री ठाऊक नव्हती असं नाही. भेट आपल्या हातून सुटली, कोणीतरी ती नेली, म्हणजे ती पोचली, असा त्याचा हिशेब आहे. स्कँडिनेव्हियाच्या या जुन्या, म्हणजे नॉर्स, परंपरेतल्या देवाणघेवाणीच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी या एका प्रसंगात आहेत : आधी भेट, मग उघड मागणी, मग परतभेट, तिची पोच, आणि त्यानंतर आपली पुन्हा फेड. आजचे नॉर्स उपासक काय करतात हे समजून घ्यायचं तर हे चक्र डोळ्यांसमोर ठेवावं लागतं.

हे आजचे उपासक कोण? आइसलंडने इ.स. १००० च्या सुमारास आल्थिंग या आपल्या लोकसभेत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सुरुवातीला घरात गुपचूप जुन्या देवांना बळी द्यायची मुभा होती, काही वर्षांत तीही गेली. पुढे ओदिन, थोर, फ्रेया या देवदेवतांची नावं कवितांत आणि सागांत, म्हणजे आइसलंडच्या गद्य आख्यानांत, उरली. १९७२ मध्ये आइसलंडमध्येच मेंढपाळ आणि कवी असलेल्या स्वेइन्ब्योर्न बेइन्तेइन्सोन यांच्या पुढाकाराने जुन्या देवांची उपासना करणारी संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिला सरकारी मान्यता मिळाली. आज चार लाखांच्या आतबाहेर वस्तीच्या त्या देशात तिचे पाच हजारांहून अधिक सभासद आहेत. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका इथेही असे गट आहेत. कोणी स्वतःला 'आसात्रू' म्हणवतात, कोणी 'हीथन'. त्यांचा कोणी पोप नाही, सर्वांना बांधणारा एक धर्मग्रंथ नाही. त्यामुळे पुढे जे सांगतो आहे ते बहुतेकांना मान्य असलेलं असलं, तरी प्रत्येक घरची पद्धत थोडी वेगळी असते.

सर्वांना जोडणारी एक कविता मात्र आहे, 'हावामाल'. ओदिनच्या तोंडी घातलेली ही उपदेशपर कडवी ज्या हस्तलिखितात टिकली, ते सुमारे १२७० चं. गंमत म्हणजे तिचा बराच भाग देवधर्माबद्दल नाहीच. पाहुण्याशी कसं वागावं, किती प्यावं, मित्र कसा टिकवावा याबद्दल आहे. मित्राशी मित्रासारखं वागावं आणि भेटीची फेड भेटीने करावी. जे एकमेकांना देतात आणि पुन्हा देतात, त्यांची मैत्री सगळ्यांत जास्त टिकते. अर्धी भाकरी आणि कलता केलेला पेला एवढ्यावर मला सोबती मिळाला, असं एका कडव्यात आहे. मला ते सर्वांत आवडतं, कारण त्यात ऐपतीचा प्रश्नच निकालात निघतो.

आणि मग याच कवितेत पुढे, १४५ व्या कडव्यात, हाच नियम देवांना लागू होतो. अर्थ असा : अति अर्पण करण्यापेक्षा मागणंच न केलेलं बरं, भेट नेहमी परतभेटीकडे डोळा ठेवून असते. मित्रांमधला जो शिष्टाचार, तोच देव आणि माणसात. आजचा उपासक देवाला भेट देतो ती याच समजुतीने.

आपल्याकडे शेजारणीने डब्यातून काही पाठवलं तर तो डबा रिकामा परत करत नाहीत. निदान चमचाभर साखर तरी घालतात. ती साखर मूळच्या पदार्थाची किंमत नसते. डब्याची ये-जा चालू राहावी यासाठी ती असते. नॉर्स उपासकाच्या मनातली देवाणघेवाण याच्या बरीच जवळ जाते. नेमकी बरोबरी झाली तर हिशेब मिटतो, आणि हिशेब मिटला की नातंही सैल पडतं. म्हणून कोणाचं तरी थोडं देणं कायम बाकी असलेलंच बरं.

नवसाशी याची तुलना मराठी वाचकाच्या मनात येणारच. नवसात आधी मागणी, अट, आणि काम झालं तर फेड. इथे सहसा भेट आधी जाते, आणि पुष्कळदा तिच्यासोबत काहीही मागितलेलं नसतं. अमक्या देवाशी ओळख वाढवायची म्हणून आठवड्यातून एकदा त्याच्या नावाने पेला ओतायचा, वर्षभर. मागायची वेळ आली तर तोवर नातं तयार असतं. सागांमध्ये माणसाच्या खास देवाला त्याचा भरवशाचा मित्र म्हटलेलं आढळतं. ग्लूम नावाच्या वीराच्या सागेत थोरकेल नावाच्या शेतकऱ्याची कथा येते. ग्लूममुळे त्याला आपलं थ्वेराउ गावचं शेत सोडावं लागतं. निघण्याआधी तो एक म्हातारा बैल घेऊन फ्रेयरच्या देवळात जातो आणि म्हणतो, फ्रेयर, तू फार दिवस माझा भरवशाचा मित्र आहेस, माझ्याकडून पुष्कळ भेटी घेतल्यास आणि चांगली परतफेड केलीस. आता हा बैल तुला देतो, ग्लूमलाही एक दिवस माझ्याइतक्याच नाखुशीने ही जमीन सोडावी लागो, आणि तू हे स्वीकारतोस की नाही याची काही खूण दे. बैल हंबरला आणि जागीच मेला. थोरकेलचं मन हलकं झालं, कारण खूण मिळाली होती. पुढे कित्येक वर्षांनी ग्लूमला स्वप्न पडतं. त्याचे मेलेले नातेवाईक फ्रेयरकडे त्याची रदबदली करतात, आणि फ्रेयर त्या बैलाची आठवण ठेवून रागाने, तोडून बोलतो. ग्लूमची जमीन जाते. बैल दिला एका वर्षी, परतफेड आली पिढी उलटताना. देव विसरत नाही आणि घाईही करत नाही, हे या कथेतून आजचे उपासक शिकतात. त्यातला सूडाचा भाग मात्र आज फारसा कोणी उचलत नाही.

आता प्रत्यक्ष काय करतात ते पाहू. देवांना भेट देण्याच्या विधीला 'ब्लोत' म्हणतात. जुन्या काळी त्यात पशुबळी असे. तेराव्या शतकात स्नोरी स्तुर्लुसोन याने नॉर्वेतल्या एका ब्लोताचं वर्णन केलं आहे, त्यात रक्त भांड्यात धरून डहाळीने भिंतींवर आणि माणसांवर शिंपडतात, मांस मोठ्या कढयांत शिजवतात, आणि पेले उचलतात : ओदिनसाठी विजयाचा, न्योर्द आणि फ्रेयरसाठी सुगीचा व शांततेचा. आजच्या बहुतेक गटांत रक्ताची जागा मीडने घेतली आहे. मीड म्हणजे मध आंबवून केलेलं मद्य. आइसलंडची संस्था पशुबळी देत नाही. काही देशांत स्वतः जनावरं पाळणारे थोडे उपासक विधिपूर्वक कापून ते मांस सर्वांना जेवायला घालतात, पण ते मोजकेच.

साधारण क्रम असा. लोक उघड्यावर गोल उभे राहतात, जमलं तर झाडाजवळ किंवा दगड रचलेल्या ओट्याजवळ. जागा विधीसाठी पवित्र झाल्याचं कोणीतरी जाहीर करतो. जुन्या कवितांतली कडवी म्हटली जातात. मग मीडने भरलेलं शिंग हातोहात फिरतं. ज्याच्या हाती ते येतं तो देवाचं, पूर्वजाचं किंवा त्या जागेच्या रक्षक शक्तीचं नाव घेतो, दोन शब्द बोलतो, घोट घेतो, पुढे देतो. थोडी मीड वाडग्यात जमा होते. सदाहरित झाडाची डहाळी तिच्यात बुडवून जमलेल्यांवर शिंपडतात, आणि उरलेली झाडाच्या मुळाशी ओततात. दारू न पिणारा सफरचंदाचा रस घेतो किंवा शिंगाला नुसता हात लावून नाव घेतो. नंतर जेवण. जेवण हा विधीचाच भाग, कारण देवही त्या पंगतीत पाहुणा असतो.

घरचा ब्लोत याहून पुष्कळ साधा. खिडकीशी छोटा ओटा, त्यावर वाटी, एखादी लाकडी मूर्ती किंवा थोरचा हातोडा. वाटीत बिअर ओतायची, बोलायचं, आणि थोड्या वेळाने ती बाहेर मातीत सोडायची.

कोणाला काय द्यावं याचे धागे कवितांतूनच मिळतात. ओदिन फक्त वाइनवर जगतो आणि आपल्या ताटातलं मांस गेरी आणि फ्रेकी या दोन लांडग्यांना घालतो, असं एका कवितेत आहे. म्हणून त्याच्यासाठी वाइन. थोर खवय्या. वधूच्या वेषात राक्षसाच्या घरी गेला असता एक अख्खा बैल, आठ सामन मासे आणि मीडची तीन पिंपं त्याने फस्त केली. त्याला बिअर आणि भरपेट जेवण. फ्रेयर सुगीचा देव, त्याला धान्य, ताजी भाकरी. फ्रेयाला मध, तृणमणी. फ्रिग घरसंसाराशी जोडलेली, तर तिला स्वतः कातलेलं सूत. समुद्राच्या न्योर्दला जे द्यायचं ते पाण्यात.

वस्तूच हवी असं नाही. स्वतः रचलेली कविता ही फार मानाची भेट समजली जाते, कारण जी प्यायल्याने कवित्व येतं ती मीड, पुराणकथेनुसार, ओदिननेच मिळवून आणली. कोणी लाकूड कोरतं, कोणी नदीकाठचा कचरा उचलतं आणि ते काम त्या जागेच्या शक्तींना अर्पण करतं. आपण ज्याच्यासाठी वेळ आणि हात खर्च केले, ते विकत आणलेल्या वस्तूपेक्षा वरचढ, हे मत जवळपास सर्वत्र ऐकू येतं आणि मलाही ते पटतं.

दिलेल्या वस्तूचं पुढे काय होतं? जुन्या काळी तलवारी, भाले, ढाली दलदलीत टाकत. डेन्मार्कमध्ये इलेरुपच्या खोऱ्यात अशी हजारो शस्त्रं सापडली, पुष्कळशी मुद्दाम वाकवलेली, तोडलेली, जेणेकरून ती पुन्हा माणसाच्या उपयोगी पडू नयेत. स्वीडनमध्ये फ्रेयरच्या नावाच्या एका बेटावर, फ्रोसोच्या चर्चमध्ये, वेदीखाली १९८४ मध्ये बर्चच्या झाडाचा बुंधा आणि त्याच्याभोवती अस्वलांसह अनेक प्राण्यांची हाडं मिळाली. आजही देऊन टाकलेलं परत घ्यायचं नाही हा नियम आहे, पण त्याला वर्तमानाची जोड मिळाली आहे. प्लास्टिक, काच, रंगवलेल्या वस्तू जंगलात ठेवायच्या नाहीत. झाडाला सिंथेटिक फिती बांधायच्या नाहीत. प्राण्यांना अपाय होईल असं अन्न ठेवायचं नाही. जाळता येईल ते जाळावं, कुजेल ते पुरावं. ज्या जागेच्या रक्षक शक्तीला भेट द्यायची तिचीच जमीन नासवणं म्हणजे यजमानाच्या अंगणात घाण करणं.

या रक्षक शक्तींशी चालणारी देवाणघेवाण तर पूर्णपणे कधी थांबलीच नव्हती. नॉर्वे, डेन्मार्कमध्ये नाताळच्या सुमारास 'निस्से' नावाच्या गोठ्याच्या राखणदाराला खिरीसारखी घट्ट लापशी ठेवतात, वर लोण्याचा गोळा. लोककथा अशी की एका घरी मुलीने लोणी वर न घालता तळाशी ठेवलं. लोणी दिसेना म्हणून निस्सेने रागाच्या भरात घरची गाय मारली. मग लापशी खाता खाता तळाशी लोणी सापडलं. ओशाळून तो गेला आणि दुसरीकडून तशीच गाय आणून गोठ्यात बांधून ठेवली. नातं दोन्ही बाजूंनी चुकतं आणि दोन्ही बाजूंनी भरूनही काढता येतं, हे या गोष्टीत किती सहज आलं आहे.

सर्वांत अवघड प्रश्न परतभेटीचा. ती आली हे ओळखायचं कसं? इथे मतं विभागतात. काहींना स्वप्नात, पक्ष्यांच्या हालचालीत, रून या उत्तर युरोपातल्या प्राचीन अक्षरांच्या कौलात उत्तर मिळतं. काही जण म्हणतात की पीक आलं, घर नांदतं आहे, आजार सरला, हीच परतभेट. खूण शोधत बसू नये. मला दुसरा पक्ष जास्त निरोगी वाटतो. प्रत्येक कावळ्यात ओदिनचा निरोप पाहणारा माणूस लवकर थकतो. जबाबदार गट एक शिरस्ता पाळतात : जे जुन्या साहित्यात आहे आणि जे मला वैयक्तिकरीत्या अनुभवाला आलं, ते वेगळं वेगळं सांगायचं. फ्रेयाला अमुक चॉकलेट आवडतं असं कोणी म्हटलं तर 'हा माझा अनुभव' असं जोडून म्हणायचं. दुसऱ्यावर तो नियम लादायचा नाही.

आणि मापाचं भान. अति अर्पण नको, असं हावामाल बजावते, याचा अर्थ कंजूषपणा नव्हे. मोठी भेट मोठ्या परतफेडीचं ओझं टाकते. श्रीमंताने गरीब मित्राला सोन्याची साखळी दिली तर मित्र अवघडतो. देवाच्या बाबतीत अडचण उलटी होते. आपण फार मोठं देऊन मोठं मागितलं आणि मोठं मिळालं, तर पुढची फेड आपल्याला झेपेल का? नवशिक्यांना म्हणूनच सांगतात की मोठ्या शपथा घेऊ नका, आयुष्यभराची वचनं देऊ नका. अर्धी भाकरी पुरे.

मराठी वाचकाला इथे एक खटका बसू शकतो. फळाची अपेक्षा न ठेवता करावं हे आपल्या कानांवर इतकं पडलेलं असतं की परतफेडीची उघड अपेक्षा खालच्या पायरीची वाटते. पण आपल्याकडेही जुना थर वेगळा आहे. तैत्तिरीय संहितेत यजमान इंद्राशी सरळ बोलतो : "देहि मे ददामि ते", मला दे, मी तुला देतो. फ्रेंच अभ्यासक मार्सेल मोस यांनी १९२५ मध्ये भेटवस्तूंवरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधाची सुरुवात हावामालमधल्या कडव्यांनी केली, आणि त्याच निबंधात पुढे महाभारतातल्या अनुशासनपर्वाच्या दानधर्माची चर्चा केली. परतफेडीची अपेक्षा म्हणजे लोभ, असं नॉर्स उपासक मानत नाही. ज्याच्याकडून काहीच घ्यायचं नाही, त्याला आपण आपल्या बरोबरीचा मानलेलं नसतं. घेणं हाही मान देण्याचाच प्रकार आहे.

एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. या देवांवर फक्त गोऱ्या रक्ताचा हक्क आहे असं सांगणारे गट आहेत, आणि नाझींनी रून चिन्हं वापरली होती. २०१६ मध्ये अनेक देशांतल्या हीथन संघटनांनी अशा वंशवादाशी संबंध तोडणारं जाहीर निवेदन काढलं. त्याला हावामालच्या १२७ व्या कडव्याचा आकडा दिला, कारण दुष्टपणा दिसला तर तो बोलून दाखव आणि शत्रूंना स्वस्थता देऊ नको, असं ते कडवं सांगतं. ज्या परंपरेचा गाभाच अनोळखी पाहुण्याला शेकोटीजवळ जागा देण्याचा, तिथे वंशाची चौकशी करणं हा त्या परंपरेचाच अपमान आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आता राहिला तो प्रसंग, ज्यात देऊनही सगळं उलटं होतं. दहाव्या शतकातला आइसलंडचा कवी एगिल ओदिनचा भक्त होता. त्याचा एक मुलगा तापाने गेला, आणि दुसरा, लाडका बोद्वार, फ्योर्डात, म्हणजे जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या खाडीत, बुडाला. एगिल बिछान्याच्या खोलीत दार लावून पडला, अन्नपाणी सोडलं. मुलगी थोरगेर्द आली आणि मीही तुमच्याबरोबर मरते म्हणून शेजारी आडवी झाली. थोड्या वेळाने ती काहीतरी चावू लागली. विचारलं तर म्हणाली, समुद्रशेवाळ, लवकर मरण यावं म्हणून. त्यालाही दिलं. खारट शेवाळाने तहान लागली, तिने पाणी मागवलं, आणि आलं ते शिंगात भरलेलं दूध. एगिलने मोठा घोट घेतल्यावर तिने सांगितलं की आपण फसलो. मग म्हणाली, आता जगायचंच आहे तर बोद्वारवर कविता करा, मी ती कोरून घेते.

त्या कवितेत एगिल ओदिनला सोडत नाही. भाल्याच्या स्वामीशी माझं चांगलं जमत होतं, मी त्याच्यावर विसंबलो, आणि त्याने मैत्री तोडली, असं तो म्हणतो. मी त्याला भजतो ते हौसेने नव्हे. पण लगेच पुढे कबूल करतो की नुकसानीची भरपाई म्हणून त्याने मला दोन गोष्टी दिल्या : निर्दोष काव्यकला, आणि छुप्या वैऱ्यांना उघडं पाडणारं मन. मागितलेली परतभेट आली नाही, दुसरीच आली, आणि तीही अशी की तिच्यावाचून ही तक्रारच लिहिता आली नसती.

आजच्या उपासकांपैकी ज्यांचं मूल गेलं, घर गेलं, ते या कवितेकडे वळतात. देवाशी भांडायला इथे बंदी नाही. ज्याच्याशी देवाणघेवाण आहे त्याला जाब विचारता येतो. काही जण त्यानंतर थांबतात. ओट्यावरची वाटी उचलून ठेवतात, शेवटची एक भेट देऊन आपल्याकडचं देणं पुरं झाल्याचं सांगतात, आणि त्यांना कोणी पाखंडी म्हणत नाही. काही जण वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा पेला ओततात. एगिलने स्वतः कविता पुरी केली, बिछान्यावरून उठला, घरच्यांना ती म्हणून दाखवली, आणि मग रीतीप्रमाणे मुलांच्या उत्तरक्रियेची पंगत घातली.